मनातले मांडे आणि लोकांतली सोंगे

मराठी भाषेने मनोराज्याविषयीचा आपला निकाल फार पूर्वीच देऊन ठेविला आहे, आणि तो बराच कडक आहे. मनात मांडे खाणाराच्या पदरात धोंडेच पडावयाचे, असे आपण म्हणतो. सातूच्या पिठाचे मडके खुंटीस टांगून त्याच्याखाली निजल्यानिजल्या शेळ्यामेंढ्या, बायको आणि मुलगा एवढा संसार उभा करणारा, आणि शेवटी रागाने लाथ झाडून ते मडकेच फोडून घेणारा पंचतंत्रातला ब्राह्मण आपण मुलांस पिढ्यान्‌पिढ्या हसण्यासाठी सांगत आलो. म्हणीत नेमका मांडाच का शिरला, हे वऱ्हाडच्या माणसास समजावून सांगावयास नको. पुरण भरलेली ती पातळ पोळी दोन्ही हातांवर झेलीत वाढवावयाची आणि न फाटता उपड्या खापरावर टाकावयाची, हे प्रत्येकीस साधणारे काम नव्हे. जे करण्यास सर्वांत अवघड, तेच मनात खाण्यास सर्वांत सोपे.

परंतु ज्या समाजाने एकट्याच्या मनोराज्याची एवढी थट्टा केली, त्याच समाजाने प्रौढ, संसारी, मिशा पिकलेल्या माणसांस सोंगे घेण्यासाठी देवळाचे अंगण, सणाची रात्र आणि वर बिदागीही दिली. हा विरोध वरवरचा आहे की त्यात काही जाणते शहाणपण आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. प्रौढ माणसाने कल्पनेत रमावे की न रमावे, रमल्यास त्याचे मन बळावते की पोखरते, ह्या प्रश्नाची चर्चा हल्ली मानसशास्त्राच्या परिभाषेत होते. तिचा आपल्याकडील जुना इतिहास मात्र सहसा कोणी चाळीत नाही.

त्या इतिहासाचा एक धागा रिसोडच्या परिसरातूनच निघतो. रिसोड हा वाशीम जिल्ह्यातील तालुका. हा जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला, पण वाशीम हे नगर अर्वाचीन नव्हे. ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म होय. तेथील सर्वसेन राजाने 'हरिविजय' नावाचे प्राकृत काव्य लिहिले. ते आज अवतरणांवरूनच ठाऊक आहे. वत्सगुल्माविषयीची खरी मौजेची कथा सुमारे इ. स. 900 च्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'त घातली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून गेला. त्यास वळवून आणण्यासाठी गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग पूर्वेस गेली, पांचालात गेली, अवंतीस गेली, आणि प्रत्येक देशात तिने निराळा वेष केला, निराळे नृत्य केले, निराळी बोली धरली. तिने जो वेष घ्यावा त्याचे अनुकरण त्या त्या देशच्या स्त्रियांनी करावे. हळूहळू काव्यपुरुषाचे मन द्रवू लागले, आणि विदर्भातील वत्सगुल्मात त्यांचा गांधर्वविवाह झाला. कथा अर्थातच रूपकाची आहे. परंतु रुसलेले मन उपदेशाने परत आले नाही, ते एकामागून एक घेतलेल्या वेषांनी परत आले, ही कल्पना हजार वर्षांपूर्वीच्या एका पंडिताने केली आणि तिचा शेवट आमच्या शेजारच्या गावी घडविला, ह्याचा मला थोडासा प्रादेशिक अभिमान वाटतो. वाचकांनी तो क्षमेने घ्यावा.

आता शास्त्रकारांकडे वळू. ह्या विषयावरील दोन मते आपल्या परंपरेत जवळजवळ समोरासमोर उभी आहेत. विद्यारण्यांच्या 'पंचदशी'त, म्हणजे चौदाव्या शतकात, एक विदारक उदाहरण येते. एका माणसाचा मुलगा दूर देशी सुखरूप आहे. कोणी लबाड येऊन तो मेला असे सांगतो आणि बाप रडू लागतो. उलट मुलगा खरोखर मेला असून वार्ता पोहोचली नाही, तर बाप स्वस्थ असतो. मनुष्यास बांधते ती बाहेरची सृष्टी नसून मनाने रचलेली सृष्टी होय, असा त्याचा इत्यर्थ. म्हणून मनोराज्य जिंकावे, समाधीने जिंकावे, ते न साधल्यास प्रणवाच्या दीर्घ उच्चाराने जिंकावे, अशी आज्ञा. येथे मनोराज्य हा शत्रू आहे.

ह्याच्या आधी, शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 साली, ज्ञानेश्वरांनी तिसऱ्या अध्यायात कर्मयोग समजाविताना दृष्टांत घेतला तो बहुरूप्याचा. बहुरूपी राजाराणीचे सोंग आणतात. त्यांच्या मनात स्त्रीपुरुषभाव नसतो, तरी लोकांपुढे ती बतावणी ते यथास्थित पार पाडतात. ज्ञानी माणसाने संसारात असेच वागावे, असे ज्ञानेश्वर सांगतात. ह्या दृष्टांताची धिटाई आपल्या लक्षात येत नाही, कारण तो आपल्या अंगवळणी पडला आहे. रस्त्यावर सोंग काढून पोट भरणारा, गावकुसाबाहेर उतरणारा माणूस येथे स्थितप्रज्ञाचा नमुना ठरला आहे! विद्यारण्य आणि ज्ञानेश्वर दोघेही अद्वैती. मग एकास कल्पनेची भीती वाटावी आणि दुसऱ्यास तिच्यात मुक्तीची रीत दिसावी, हे कसे? उत्तर असे दिसते की, रडणाऱ्या बापास आपण कल्पनेपुढे रडत आहो हे ठाऊक नाही आणि बहुरूप्यास ते पुरते ठाऊक आहे. जाणीव शाबूत असेल तर सोंग, ती सुटली तर भ्रम. आपल्या लोकांनी सोंगांची जी व्यवस्था बसविली ती ही जाणीव शाबूत राखण्यासाठीच बसविली असावी, असे तिच्या तपशिलावरून वाटते.

उत्सवाच्या शेवटच्या रात्रीचे लळित पाहा. छडीदार येतो, भालदार-चोपदार येतात, वासुदेव येतो, गोंधळी येतो. प्रत्येकाने आपले सोंग संपादावे, देवापुढे प्रसाद मागावा आणि निघून जावे. पहाट झाली की सारे आटोपले. 'रात्र थोडी, सोंगे फार' ही म्हण आपण आता कामाच्या गर्दीविषयी वापरतो, पण ती अशाच रात्रींच्या अनुभवातून निघालेली दिसते. सोंगास रात्र बांधून दिलेली असे. एकनाथांनी (1533–1599) सोंगास आणखी एक काम लाविले. शंभराहून अधिक विषयांवर त्यांनी भारुडे रचिली, आणि त्यांत पैठणच्या ह्या ब्राह्मणाने महाराच्या, जोशाच्या, फकिराच्या, जोगिणीच्या तोंडाने बोलावयाचे मनावर घेतले. दुसऱ्याच्या कातड्यात शिरून पाहण्याचे एवढे मोठे शिक्षण मराठीत पूर्वी झाले नव्हते. तथापि हेही नमूद केले पाहिजे की ब्राह्मणाने महाराचे सोंग घेतले तर ते भारूड होई. महाराने दिवसाढवळ्या ब्राह्मणाचे सोंग घेतले असते तर काय झाले असते, हे सांगावयास नको. सोंगाची मुभा सर्वांस सारखी कधीच नव्हती.

आमच्या वऱ्हाडात बहुरूप्यास रायरंद म्हणतात. सुगी आटोपली, दिवाळी मागे पडली की तो दारी येई. कधी फौजदार, कधी तलाठी, कधी कोर्टाचा बेलिफ. आल्याबरोबर तो घरधन्यावर खेकसे, न केलेल्या गुन्ह्यांची यादी वाची आणि हातकडी दाखवी. घरधनी भिण्याचे सोंग करी, पोरे खरीच भीत आणि बायका पदर तोंडाशी धरून हसत. पुढे तोच फौजदार एका अघटित लग्नाचे निमंत्रण देई, ज्यात नवरानवरी, वऱ्हाडी आणि पक्वान्ने ह्यांतले काहीच जगात असण्यासारखे नसे. मनातले मांडे तो साऱ्या आळीस वाढीत असे, आणि शेवटी खरी पसाभर ज्वारी झोळीत घेऊन जाई. ह्या खेळात प्रेक्षकालाही सोंग घ्यावे लागे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या शेतकऱ्याच्या उरावर खऱ्या जप्तीची धास्ती बसली आहे, त्याने खोट्या बेलिफापुढे हात जोडून थरथरण्याचा अभिनय करावा आणि मग हसावे, ह्यात मनास मिळणारा विसावा सामान्य नव्हे. अर्थात विसाव्याहून अधिक काही मिळत होते असे मी म्हणत नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, हेही आपणच म्हणून ठेविले आहे. गेल्या पंचवीसतीस वर्षांत कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या ह्या मुलखात, कल्पनेने मन बरे होते असे सरसकट विधान करणाऱ्याने ही म्हण आधी पाठ करावी.

आतापर्यंतचे सोंग पुरुषांचे आणि चव्हाट्यावरचे. बायकांचे मनोराज्य निराळ्या ठिकाणी नांदे, आणि त्यास प्रेक्षक नसे. पहाटे, घर निजलेले असता, जात्याच्या खुंट्यास हात घालून जी ओवी म्हटली जाई तिच्यात देवाचे स्मरण झाले की माहेर येई. जिच्या घरी मातीची गाडगी, तिच्या ओवीत सोन्याच्या समया लागत. ज्या भावाच्या पायात धड जोडा नाही, तो ओवीत घोड्यावरून येई आणि बहिणीच्या दारी उतरे. पंढरीचा विठ्ठल पाहुणा होऊन ओसरीवर बसे. ह्या वाङ्मयाकडे आपल्या विद्वानांचे लक्ष उशिरा गेले. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' आणि कमलाबाई देशपांडे ह्यांचे 'अपौरुषेय वाङ्मय' हे ग्रंथ विसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचे. पुढे 1980 नंतर गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. एक लाख ओव्या म्हणजे एक लाख वेळा कोणीतरी दळता दळता दुसरीकडे जाऊन आले.

ह्या परंपरेच्या मुळाशी जनाबाई आहे. गंगाखेडची ही मुलगी नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली. तिच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, गोवऱ्या वेचितो, तिचे केस विंचरतो. भाविकास हा चमत्कार, टीकाकारास हे काव्य. दोघांचेही खरे मानले तरी एक गोष्ट उरते. जिला घरात बरोबरीने बसण्यास कोणी नव्हते, तिने जात्याच्या दुसऱ्या बाजूस कोणाला तरी बसविले. आणि तो जो बसला त्याने तिला काम टाकावयास लाविले नाही. त्याने कामास हात लाविला. पंचतंत्रातल्या ब्राह्मणाच्या स्वप्नाने पीठ सांडले. जनाबाईच्या स्वप्नाने ते दळून झाले.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येण्याजोगा नाही. ह्या ओव्यांनी बायकांचे दुःख हलके झाले, म्हणूनच ते टिकले नाही काय? भुलाबाईच्या गाण्यांत, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, सून माहेरी जाण्याची परवानगी मागते, आणि सासू सासऱ्याकडे, सासरा दिराकडे, दीर नणंदेकडे बोट दाखवितो. मुली टिपऱ्या वाजवीत हे गातात, खिरापत ओळखतात आणि घरी जातात. पुढे त्यांतली प्रत्येक मुलगी त्याच सासरी नांदावयास जाई. गाण्याने सासर बदलले नाही हे खरे. तरीसुद्धा मला वाटते की जिने लहानपणी सासूचे सोंग घेऊन तिच्या तोंडचे नकार म्हटले, तिला पुढे खरा नकार आला तेव्हा तो आकाशातून पडल्यासारखा वाटला नसेल. तिला तो ओळखीचा होता. दुःखाची चाल आधीच ऐकलेली असणे हे औषध नव्हे, पण मन ठिकाणावर ठेवण्यास त्याचा उपयोग होतो. पंडितांनी ह्यास पलायन म्हणावे. ज्यांना पळून जाण्यास दुसरी वाटच नव्हती, त्यांच्याविषयी तो शब्द वापरताना किंचित संकोच वाटावा एवढेच माझे मागणे आहे.

वरील सर्व उदाहरणांत सोंगास अवधी आहे. रात्र सरते, दळण संपते, कोजागिरी होते. ह्यावरून नियम काढावा की उतरविता येते तेच सोंग निरोगी, तर वऱ्हाडातच एक असे उदाहरण आहे की ज्यापुढे हा नियम उभा राहत नाही. अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे 1881 साली जन्मलेले गुलाबराव महाराज वयाच्या पहिल्याच वर्षी दृष्टीस मुकले. आई लहानपणीच गेली. 1901 मध्ये ज्ञानेश्वरांनी आपणांस दर्शन देऊन अनुग्रह केला असे ते सांगत, आणि त्यानंतर ते स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. पुढे त्यांनी कात्यायनीव्रत करून स्वतःस श्रीकृष्णपत्नी मानिले. ते कपाळी कुंकू लावीत, गळ्यात मंगळसूत्र घालीत, वेणी घालीत. हे एका रात्रीचे लळित नव्हते. 1915 मध्ये पुण्यास देह ठेवीपर्यंत हा भाव त्यांनी सोडिला नाही.

ज्यास हल्लीची परिभाषा जिभेवर खेळवावयाची हौस आहे तो येथे चटकन एखादे रोगाचे नाव देईल. परंतु ह्या चौतीस वर्षांच्या आयुष्याचा दुसरा भाग पाहा. डोळे नसता, दुसऱ्यांकडून वाचवून घेऊन आणि सांगून लिहवून, महाराजांनी मराठी, हिंदी आणि संस्कृत भाषांत लहानमोठे सव्वाशेहून अधिक ग्रंथ रचिले. डार्विन आणि स्पेन्सर ह्यांच्या मतांचा समाचार घेतला. 'मानसायुर्वेद' नावाचा ग्रंथच त्यांच्या नावावर आहे, म्हणजे मनाच्या आरोग्याचा विचार त्यांनी जाणूनबुजून केला होता. कुणब्याच्या घरातील ह्या अंध तरुणापाशी शास्त्री-पंडित चर्चेस बसत. त्यांचे खंडनमंडन सर्वच पटेल असे नाही. उत्क्रांतिवादावरील त्यांचे आक्षेप मला पटत नाहीत. पण भ्रमात बुडालेल्या माणसास प्रतिपक्षाचा मुद्दा नीट मांडून मग तो खोडता येत नाही, आणि महाराजांस ते येत होते. आपल्या भूमिकेस त्यांनी मधुराद्वैत असे नाव दिले. भक्त स्त्री आणि देव पती हा भाव असावा, आणि मुळात दोन नाहीत ही जाणीवही असावी, असा तो सिद्धांत. ज्ञानेश्वरांच्या बहुरूप्याचीच ही गोष्ट नव्हे काय? फरक इतकाच की येथे सोंग उतरविण्याची गरजच उरली नाही. तेव्हा अवधी ही खरी कसोटी नव्हे. भूमिका घेतल्याने माणसाचा इतरांशी, ग्रंथांशी, कामाशी असलेला व्यवहार वाढला की आटला, हे विचारणे अधिक बरे.

पाश्चात्त्य विचाराची वाट ह्या मुक्कामाशी फिरून फिरून आली आहे. फ्रॉइडने 1907 च्या डिसेंबरात व्हिएन्नात व्याख्यान देऊन सांगितले की मूल उघड खेळते, प्रौढ माणूस मात्र आपली दिवास्वप्ने लाजून लपवितो, आणि सुखी माणूस ती पाहतच नाही. त्याच शहरात 1 एप्रिल 1921 रोजी याकोब मोरेनो नावाच्या डॉक्टराने रंगमंचावर एक रिकामे सिंहासन ठेविले आणि प्रेक्षकांतील ज्यास राजा व्हावयाचे असेल त्याने वर यावे असे आवाहन केले. त्या दिवशी प्रयोग फसला, पण त्यातूनच पुढे भूमिका देऊन मन बरे करण्याची चिकित्सा निघाली आणि ती अमेरिकेत रुजली. आपल्या बहुरूप्यांची राजाराणी ज्यास ठाऊक आहेत त्यास ह्यात फारसे नवल वाटू नये. 2010 साली हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट ह्यांनी 2,250 माणसांस वेळोवेळी फोनवरून विचारून असे दाखविले की जागेपणीच्या सुमारे 47 टक्के क्षणी मन हातातल्या कामापासून दूर असते, आणि दूर गेलेले मन कमी सुखी असते. सुखाच्या विषयाकडे गेलेले मनही कामात असलेल्या मनाहून अधिक सुखी आढळले नाही. विद्यारण्यांस आनंद झाला असता. पण जात्यावरच्या बाईचे मन भटकत नव्हते. ते गाण्याला बांधलेले होते, गाणे जात्याच्या फेऱ्याला आणि फेरा दाण्यांच्या मुठीला. उलट टोकास इस्रायलच्या एली सोमर ह्यांनी 2002 साली नोंदविलेली माणसे आहेत. ती दिवसाचे कित्येक तास स्वतःच रचिलेल्या कथेत घालवीत, आणि तिच्यापायी त्यांचे काम व माणसे सुटत चालली होती. त्यांचे दुःख थट्टेचे नाही. त्यांच्या कथेत दुसऱ्या कोणास प्रवेश नव्हता, आणि ती संपली असे म्हणणारा छडीदारही नव्हता.

आपली लळिते बंद पडली, जाती अडगळीत गेली, गिरणी आली. हे बरेच झाले, कारण दळणाचे कष्ट ज्यांनी केले नाहीत तेच त्याचे गोडवे गातात. पण मनोराज्य काही बंद पडले नाही. ते खोलीत गेले, दार लावून घेतले आणि हातातल्या काचेच्या पडद्यात शिरले. ह्याबरोबर जे दुसरे घडले ते मला अधिक भयंकर वाटते. सोंग ओळखण्याची समाजाची नजर मंद झाली. 2012 च्या मे महिन्यात नागपूरच्या कळमना भागात स्त्रीवेष घेतलेल्या तीन भटक्या बहुरूप्यांस जमावाने चोर समजून ठार मारिले. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आली ह्या अफवेवरून, भिक्षेस आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव गेला. विद्यारण्यांच्या गोष्टीतला लबाड निरोप्या आता फोनमधून बोलतो, आणि न मेलेल्या मुलासाठी रडण्याऐवजी न पळविलेल्या मुलांसाठी लोक दगड उचलतात. ज्यांच्या आज्यांनी खोट्या फौजदारापुढे हसत हात जोडले, त्यांच्या नातवांस खोटे आणि खरे ह्यांतला तो जुना, दोन्ही बाजूंनी खेळावयाचा करार ठाऊक नव्हता.

रिसोडकडे रायरंद अजून क्वचित येतो. खाकी कपडे, लाकडी दांडा, कागदाचा बिल्ला. दारात उभा राहिला की हल्ली तो प्रथम खिशातून आधारकार्ड काढून दाखवितो, आपले खरे नाव आणि गाव सांगतो, आणि घरातल्यांनी मान हलविल्यावर मगच खेकसावयास लागतो.